बर्फावर न उमटलेलं पाऊल

नंदू,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने टोपली उचलली. तुला शेवटी जिथे खाटेवरून खाली घेतलं होतं, त्या जागी आदल्या संध्याकाळी मी पीठ पसरलं होतं. शेजारी दिवा लावला होता आणि पिठावर टोपली झाकली होती. गेलेल्या माणसाला पुढचा जन्म कशाचा मिळाला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. तुला हे माहीत होतं. आजीच्या वेळी तू लहान होतास आणि टोपलीच्या भोकाला डोळा लावून बसला होतास, म्हणून मार खाल्ला होतास.

बायका वाकल्या. मावशी म्हणाली, "पाखराचं हाय. ही बघा तीन बोटं."

शेजारची म्हणाली, "पाखराचं कसलं मावशी, खूर हाय तो. गाईचा."

"गाईचा खूर एवढासा असतो व्हय?"

"वासराचा मग."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती काही बघायला उठली नाही. तिथूनच मला म्हणाली, "तू सांग. तूच पसरलंय पीठ. बारीक शिवणाचे डोळे हायेत तुझे. काय दिसतंय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. घशात शब्द यायच्या आधी कानच गरम होतात. तरी मी बोलले. एकच शब्द बोलले. तो काय ते सांगायच्या आधी बाकीचं सांगू दे, कारण त्या बायकांना तो कळला नाही. तुला कळला असता. तूच तर मागितला होतास.

मला त्या पिठाकडे बघून तुझा बर्फ आठवला.

तू आणि तुझा दोस्त जावेद पडीक असायचात ते गेमचं दुकान बंद झालं तेव्हा मालकाने तिथला जुना कॉम्प्युटर तुला दिला. लष्कराच्या कॅम्पच्या बाजारातून हातगाडीवर आणलास. जावेद मागून धरत होता आणि तू पुढून "सावकाश, सावकाश" म्हणत नुसता चालत होतास, कारण तुझी दवाखान्याची तारीख जवळ आली होती आणि जोर नव्हता. मग त्या कॉम्प्युटरवर तो खेळ आला. जावेदने कुठून तरी सीडी आणली होती. मी खिडकीशी बसून फौजींच्या वर्द्यांना बटणं लावत होते. सहज मान वर केली तर पडद्यावर सगळं पांढरं.

मी म्हटलं, "हे कुणी पीठ सांडलं?"

तू इतका हसलास की तुला खोकला लागला. "आक्का, बर्फ आहे तो."

"गोळ्याचा?"

"आकाशातून पडतो तो. थंड देशात."

आपण दोघांनीही बर्फ पाहिला नव्हता. पण तुला त्यातलं सगळं माहीत असल्यासारखं तू सांगायचास. इंग्रजीत काय लिहून यायचं ते मराठीत करून सांगायचास. मी सुई ओढत ऐकायची. एक गडी होता, तलवारवाला, तो म्हणजे तू. त्याला डोंगरावरच्या गढीत जायचं होतं. गढीत तो काळ्या झग्यातला होता, लोकांचं रक्त पिऊन राहणारा. तुम्ही पोरं त्याला व्हॅम्पायर म्हणायचात. आईला त्याचं नावही नको होतं. "दिवेलागणीला असलं काय बघता रे? घरात येईल ते," म्हणायची. तू म्हणायचास, "आई, त्याला कुणी आत बोलावल्याशिवाय येता येत नाही. तसा नियमच आहे." आई म्हणायची, "मंग बरा हाय की. आपल्या पाहुण्यांपेक्षा बरा."

वाद कधी सुरू झाला ते मला नीट आठवतं. गढीच्या अंगणात तू त्याला पहिल्यांदा गाठलंस आणि तो पळाला. तू खेळ थांबवलास आणि मला जवळ बोलावलंस.

"बघ. हा माझा गडी आला, त्याची पावलं उमटलीत. लांडगे आले, त्यांची उमटलीत. हा इथून तिथवर पळाला. काही दिसतंय?"

बर्फ सपाट होता.

"म्हणून तो मेलेला," तू म्हणालास. "जिवंत असता तर वजन असतं."

मी म्हटलं, "तो पळाला कशाला मग? मेलेल्याला कशाची भीती?"

"ते त्याला तसं बनवलंय."

"मग बर्फ पण कुणीतरीच बनवलाय ना? त्यानं याच्यासाठी पाऊल केलं नाही, त्यात याचा काय दोष?"

तू खुर्ची फिरवलीस. मग जावेदला हाक मारून सांगितलंस, "ऐकलं का, आमची आक्का काय म्हणते?"

त्या दिवसापासून तो वाद घरात राहायलाच आला. तू म्हणायचास मेलेला, मी म्हणायची जिवंत. मी म्हणायची, जो खातो तो जिवंत. तू म्हणायचास, "मग चूल पण जिवंत, लाकडं खाते." मी म्हणायची, "चुलीला भूक लागत नाही, आपल्याला लागते म्हणून तिला खायला घालतो." तू म्हणायचास, त्याला आरशात चेहरा दिसत नाही. मी म्हणायची, मीही आरशात बघत नाही. तू म्हणायचास, त्याचं हृदय चालत नाही. मी म्हणायची, "तुला काय माहीत, तू कान लावून बघितलंस?" तोफखान्याचा सराव सुरू असला की घरातली भांडी थरथरायची आणि आपल्याला आवाज चढवून भांडावं लागायचं. एकदा आई मोरीतून ओरडली, "कुणाची मयत झालीय ते तरी सांगा रे!"

जावेद दोन्ही बाजूंना नव्हता. "आक्का, वो बॉस है," म्हणायचा, म्हणजे खेळात शेवटी गाठायचा तो मोठा शत्रू. "बॉस जिवंत नसतो आणि मेलेला पण नसतो. बॉस फक्त मारायचा असतो."

माझ्या आयुष्यात मी कुणाशी इतकं बोलले नाही, नंदू. सासरी तर नाहीच. तिथून मी परत आले तेव्हा सगळ्या गल्लीने विचारलं, काय झालं, काय झालं. तू नाही विचारलंस. तू तुझी खाट भिंतीकडे सरकवलीस आणि खिडकीची जागा मला दिलीस, शिवणाला उजेड लागतो म्हणून. एवढंच केलंस. मी कधी त्याबद्दल तुला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही, तुला ते आवडलं नसतं. पण आज लिहिते, कारण खिडकीशी बसूनच लिहिते आहे.

आणि तुझ्या तारखा. थॅलेसेमिया हा शब्द मला म्हणता येईपर्यंत तू शाळेत जायला लागला होतास. दर काही आठवड्यांनी तू पिवळा पडायचास, जिना चढताना थांबायचास, डाळीत मीठ कमी म्हणून चिडायचास. मग आपण बसने दवाखान्यात जायचो. रक्ताची बाटली लागायची, पुढे पिशव्या आल्या. तू पडून वर बघायचास, मी खाली स्टुलावर बसून थेंब बघायची. संध्याकाळी तुझे कान लाल व्हायचे. मी तोंडाकडे नाही, कानांकडे बघायची. कान लाल झाले की मला भूक लागायची.

परतताना मिसळ खायची हा आपला नेम होता. तिथे तुझं सुरू व्हायचं. "आक्का, आज तर्री जास्त चालतेय. रक्त खानदेशातल्या कुणाचं तरी दिसतंय." एकदा दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून अंघोळ करून बसलास. आई घाबरली. तू म्हणालास, "काही नाही गं, या वेळी फौजीचं मिळालंय." कॅम्पात रक्तदान झालं की तू मला म्हणायचास, तुझी बटणं नीट लाव, आपले नातेवाईक आहेत ते. माझ्या बोटात सुई गेली की ओरडायचास, "ए आक्का, नासाडी करू नको!"

मी एकदा माझं द्यायला गेले होते. तिथल्या बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, तुमचंच कमी आहे, तुमच्यातही थोडा तोच दोष आहे, तुमचं घेता येणार नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. तू आलास, ऐकलंस आणि म्हणालास, "एकाच कारखान्याचा माल आहे आपण. तुझ्यावर रंग जरा बरा बसला, एवढंच." मी रडता रडता हसले. लोक बघायला लागले म्हणून मला जास्त लाज वाटली.

तू असं हसण्यावारी न्यायचास म्हणून मला उशिरा कळलं की तू त्या काळ्या झग्यातल्याबद्दल भांडत नव्हतास.

कळलं ते या पावसाळ्यानंतर. खेळात लाल औषधाची बाटली होती. तू मला समजावून सांगितलंस की जिवंत माणसावर ती ओतली तर त्याला बरं वाटतं आणि मेलेल्यावर ओतली तर तो जळतो. असा त्या खेळाचा नियमच. मी म्हटलं, "मग भांडतोय कशाला आपण? ओत की त्याच्यावर. कळेल काय ते."

तू बटणावरून बोट काढून घेतलंस.

"ओत ना. औषध वाया जाईल म्हणून?"

"आणि जळला तर?"

"तर तू जिंकलास."

तू बोटांनी नुसता टेबलावर ठेका धरलास. त्या दिवशी खेळ बंद करून टाकलास. नंतर जावेद मला म्हणाला होता, नंदू गढीच्या दारापर्यंत दहा वेळा गेला असेल, आत जाऊन त्याला एका फटक्यात संपवू शकतो, पण दारातून मागे फिरतो. "डरता है क्या?" त्याने तुला विचारलं. तू म्हणालास, "आक्काचा निकाल लागू दे."

मग ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी तुझी तारीख होती. तू पिवळा होतास, कॉम्प्युटर लावला नव्हतास. आई देवळात गेली होती. माझ्या तोंडात दोऱ्याचं टोक होतं.

तू म्हणालास, "आक्का, तो दुसऱ्याचं रक्त घेऊन उभा राहतो. नाही मिळालं की पडतो. आणि काम काय करतो? काही नाही. पुढचं रक्त मिळेपर्यंत थांबतो. आता त्याला जिवंत म्हणायचं की मेलेला? वाद नको. एका शब्दात सांग."

मी दोरा तोडला. तुझ्याकडे बघितलं नाही.

"आधी मी तुझी शाळा खाल्ली," तू म्हणालास. "मग लोकांचं हे रक्त."

शाळेचं मी तुला लगेच सांगितलं, आणि ते खरं आहे. तू झालास, सहा महिन्यांत पांढरा पडायला लागलास, आईला द्राक्षाच्या कामावर जावं लागायचं, म्हणून चौथीनंतर मला घरी ठेवलं. पण मी म्हटलं तुला, "मला शाळा नकोच होती. तिथे उभं राहून मोठ्याने वाचावं लागायचं. तू झालास म्हणून मी सुटले." तुला आधी खोटं वाटलं. मग तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला पटलं. तुला कडेवर घेऊन मी गल्लीच्या टोकाशी उभी राहायची आणि शाळेतली पोरं पाढे म्हणायची ते ऐकू यायचं. तू माझ्या खांद्यावर लाळ गाळायचास. मला त्या पोरांचा हेवा वाटला नाही. सुटकाच वाटली.

पण त्या एका शब्दाचं मला जमलं नाही. जिवंत म्हणावं तर तू म्हणाला असतास, आक्का समजूत घालतेय. मेलेला हा शब्द तर माझ्या तोंडात येणारच नव्हता. आणि दोन्हींपैकी एकही तुझा नव्हता, असं मला वाटत होतं, पण तिसरा कुठला ते सापडत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या तारीख आहे ना, लवकर झोप."

तू हसलास. "हे सहा शब्द झाले, आक्का."

दुसऱ्या दिवशी आपण गेलो. रक्त चढलं, कान लाल झाले, मिसळ खाल्ली. तर्रीबद्दल या वेळी तू काही बोलला नाहीस, मीही काढलं नाही. नंतर थंडी आली. डॉक्टर म्हणाले होते की इतक्या वर्षांच्या रक्तातलं लोह हृदयात साठतं, ते धोक्याचं. तू ते मराठीत करून सांगितलंस, "आक्का, माझं हृदय लोखंडाचं झालंय म्हणतात." आई म्हणाली, "मंग चांगलं हाय की, मजबूत." तू तिला खरं सांगितलं नाहीस. मीही नाही. त्या पहाटे ते लोखंडाचं हृदय थांबलं. तू माझा हात धरला होतास, पण काही बोलला नाहीस. मला वाटतं तुला प्रश्न आठवतही नसेल. मला आठवत होता.

तेराव्याला जावेद जेवायला आला होता. जेवण झाल्यावर दारात घुटमळला. मग म्हणाला, "आक्का, एकदा लावून बघू? शेवटचं कुठपर्यंत गेला होता ते." मी मानेनेच हो म्हटलं.

खेळ सुरू झाला तर तुझा गडी गढीच्या दारात उभा होता. तू ठेवला होतास तिथेच. मागे सगळा बर्फ, आणि बर्फावर खालच्या पायरीपासून दारापर्यंत त्याची पावलं. एकामागे एक, नीट. दार उघडलेलं होतं आणि आतल्या अंधारात तो काळ्या झग्यातला दिसत होता. तोही उभाच होता.

जावेद पुढे वाकला. "ये क्या है? याच्या हातात तलवारच नाही. बाटली आहे. लाल." त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "बॉससमोर बाटली घेऊन कोण जातं, आक्का?"

 त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तो बटणं दाबायच्या तयारीत होता. "टाकू? एक बटण दाबायचंय. कळेल तरी जिवंत का मेलेला. नंदूला पण..."

"नको," मी म्हटलं.

"फिर कैसे पता चलेगा?"

"निकाल लागलाय," मी म्हटलं.

तो विचारणार होता कधी लागला, पण तेवढ्यात लाईट गेली. आपल्या भागाची वेळच होती ती. पडदा काळा झाला. जावेद अंधारात म्हणाला, "काळजी करू नका आक्का. सेव्ह आहे. लाईट आली की तो पुन्हा तिथेच असणार."

आता पिठाचं सांगते.

मी वाकून बघितलं. पाखरू नव्हतं, गाय नव्हती, वासरूही नव्हतं. पीठ सपाट होतं. मी ताटाच्या कडेने पसरताना जेवढं सपाट केलं होतं तेवढंच. तुझ्या हिशेबाने बघितलं तर तू जिंकला होतास. पाऊल नाही, म्हणजे काही उरलं नाही. आणि माझ्या हिशेबाने बघितलं तर पीठ मीच पसरलं होतं, त्यात तुझा काय दोष.

आई भिंतीला टेकून वाट बघत होती. बायका वाट बघत होत्या. कान गरम झाले. आणि तेव्हा मला तुझा शब्द सापडला. पिठात नाही सापडला. मला आठवलं ते तुझे लाल कान, खांद्यावरची लाळ, भिंतीकडे सरकवलेली खाट, "नासाडी करू नको" म्हणून ओरडणं. कुणाचं तरी घेऊन जगणं, आणि त्या कुणाच्या तरी तिखटाच्या सवयीचीही आठवण ठेवणं. हे सगळं ज्याचं असतं त्याला आपण काय म्हणतो ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली नाही. मी मोठ्याने बोलले, शाळेत कधी वाचलं नाही तेवढ्या मोठ्याने.

"माणूस," मी म्हटलं.

मावशीने पुन्हा वाकून बघितलं. "माणसाचं? कुठाय गं?"

 आई मात्र उठली. पिठाजवळ येऊन बसली, पण तिने पिठाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "माणूसच ना?" तिने विचारलं. "नक्की?"

"नक्की."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

तू असतास तर आधी खुर्ची फिरवली असतीस, मग बोट नाचवून म्हणाला असतास, "आक्का, चीटिंग. जिवंत का मेलेला एवढंच विचारलं होतं. हे त्यात नव्हतं."

नव्हतंच, नंदू. ते दोन शब्द तू ठरवले होतेस.